‘साहेब, एक सांगू का?’ : कामगार बोलते कसे होतात

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो तेव्हाची गोष्ट. दर शुक्रवारी सकाळच्या पाळीत एका सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातयंत्रावर) पहिले दहा-बारा जॉब, म्हणजे बनवलेले भाग, रिजेक्ट जायचे. बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, वीस मायक्रॉनने (मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने) मोठा. आम्ही इन्सर्ट (कापायची पाती) बदलले, मापायचा गेज तपासून आणला, मटेरियलवाल्याशी भांडलो. तीन महिने हेच चाललं. शेवटी चहाच्या सुट्टीत त्या मशीनवरचा ऑपरेटर सहज म्हणाला, “गुरुवारी सुट्टी असते ना, मशीन थंड पडतं. पंधरा मिनिटं रिकामं फिरवलं की साइज बरोबर येतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“मी फिरवतच होतो. तुम्हीच एकदा ओरडलात, मशीन रिकामं का फिरवतोस म्हणून.”

मला ते ओरडणं आठवतही नव्हतं. त्याला वारासकट आठवत होतं.

कामगार बोलत नाहीत असं आपण म्हणतो, पण गेटबाहेरच्या टपरीवर ते भरपूर बोलतात. जॉब पकडून ठेवणारं कुठलं फिक्स्चर ढिलं आहे, कुठला स्टोअरवाला चांगले हातमोजे लपवून ठेवतो, सगळं. फक्त आपल्यासमोर बोलत नाहीत, कारण मागच्या वेळी बोलल्यावर काय झालं ते त्यांना माहीत असतं. त्यामुळे सूचना पेटी टांगून सुरुवात करू नका. तिची किल्ली एचआरकडे असते आणि ती कुठे ठेवली ते एचआरलाही आठवत नसतं.

आधी मागचा हिशेब काढा

एक वही घ्या. गेल्या सहा महिन्यांत कुणी काय सांगितलं होतं ते आठवून लिहा आणि समोर त्याचं काय झालं तेही लिहा. बहुतेक ओळींपुढे काहीच लिहिता येणार नाही. त्यातल्या दोन-तीन गोष्टी निवडा, शक्यतो स्वस्त आणि आठवड्यात होतील अशा: बंद पडलेला पंखा, तपासणी टेबलावरची मिणमिणती ट्यूब, गळणारा कूलंटचा पाइप. त्या करून टाका आणि ज्याने सांगितलं होतं त्याला जाऊन दाखवा. “तू म्हणाला होतास ना, झालं बघ.” बैठक, भाषण, फलक यांपैकी कशाचीही गरज नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या शेडमध्ये पोचते.

विचारायचं कुठे आणि कसं

केबिनमध्ये बोलावू नका. तिथे तुम्ही बसलेले, तो उभा, आणि काचेतून सगळे बघतायत. मशीनपाशी जा. पाळी बदलताना नको, तेव्हा त्याचं लक्ष बसकडे असतं. पाळी सुरू होऊन तासभर झाला की काम मार्गी लागलेलं असतं, ती वेळ बरी.

“काही अडचण आहे का?” असं विचारलंत तर “नाही साहेब, सगळं ठीक” हेच उत्तर येणार. अडचण आहे म्हणणं म्हणजे कुणाची तरी तक्रार करणं, असं त्याला वाटतं. त्याऐवजी नेमकं विचारा: आज कुठला जॉब हाताला त्रास देतोय? सेटिंगला सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? नवीन मुलगा या मशीनवर पहिली चूक कुठली करेल? शेवटचा प्रश्न माझा आवडता. त्यात कुणावर बोट येत नाही, आणि मशीनची सगळी खोड बाहेर येते.

तो बोलला की एक वाक्य गिळायचं: “हे आधी का नाही सांगितलंस?” मी ते म्हणालो होतोच, वर लिहिलंय. त्याच्या जागी “दाखव बरं” म्हणा. तो दाखवेल आणि निम्मी गोष्ट हातानेच सांगेल. मग वहीत त्याच्याच शब्दांत लिहा, नाव त्याचं. तुम्ही इंग्रजीत नीटनेटकं करून मॅनेजरला पाठवलंत की ती सूचना तुमची होते, आणि हे त्याला बरोबर कळतं.

उत्तराला तारीख द्या

शेडमध्ये एक पांढरा बोर्ड लावा. तीन रकाने: काय सांगितलं, कोण बघतंय, कधीपर्यंत. होणार नसेल तर तेही बोर्डावर, कारणासकट. “नवीन क्रेन यंदा नाही, बजेट मार्चनंतर” हे वाचून कुणी रुसत नाही. महिनाभर “बघतो” ऐकलं की मात्र माणूस गप्प होतो.

थांबवण्याचा अधिकार

टोयोटाची दोरी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं वाटलं की त्याने ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. याचं मूळ टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या कापड विणायच्या मागात आहे, धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. इचलकरंजीकरांना यातली किंमत वेगळी सांगायला नको.

ही पद्धत जपानी माणसांनाच जमते असं म्हणणाऱ्यांना कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण द्यावं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी आणि भांडणं यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने तोच भागीदारीत चालू केला, कामावर घेतलेले बरेचसे लोक जुनेच होते. त्यांच्या हाती दोरी आली आणि थोड्याच काळात गाड्यांचा दर्जा सुधारला.

आपल्याकडे दोरी नसली तरी लाल दिवा आणि बटण चालतं. पण खरी परीक्षा पहिल्यांदा कुणी बटण दाबेल त्या दिवशी असते. समजा काहीच बिघडलेलं नव्हतं, दहा मिनिटं वाया गेली. सगळे तुमच्या तोंडाकडे बघतायत. तेव्हा “बरं केलंस थांबवलंस” एवढंच म्हणायचं. कपाळावर आठी आली तरी ते बटण पुन्हा कुणी दाबणार नाही.

सुरक्षेच्या बाबतीत आणखी एक नियम लावा: एकदा सांगून वरच्याने ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं, तरी नाही ऐकलं तर काम थांबवायचं. १९७७ साली स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय का, अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि तो पुढे बोलला नाही. विमान कंपन्या आता हाताखालच्या माणसांनाही बोलायचं प्रशिक्षण देतात, त्यामागे हा अपघात आहे.

टार्गेटचा सापळा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा दोन मिनिटांचा जॉब ऑपरेटरच्या सूचनेने दहा सेकंदांनी कमी झाला. पाळीला वीसेक जॉब जास्त निघतात. तुम्ही खूश होऊन दुसऱ्या दिवशी टार्गेट वीसने वाढवता. बाकीचे त्याच्याकडे कसे बघतात ते एकदा उभं राहून बघा. त्याने सगळ्यांच्या डोक्यावर ओझं आणलेलं असतं. पुढची युक्ती तो खिशात ठेवेल आणि वाचलेल्या वेळात निवांत तंबाखू मळेल. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हणून बोलतं करण्याआधी मालकाकडून दोन गोष्टी ठरवून घ्या. सूचनेमुळे कुणाचं काम जाणार नाही. आणि वाचलेला वेळ काही आठवडे तरी मशीनच्या निगेला, नवं काम शिकायला दिला जाईल. टार्गेट बदलायचं तर इन्सेंटिव्हसकट आणि बसून बोलून. युनियन असेल तर हे त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर तुम्ही मागच्या दाराने काहीतरी आणताय असा वास येतो.

माणशी महिन्याला दोन सूचना असा कोटाही नको. मग २८ तारखेला सगळे “झाडू जागेवर ठेवावा” लिहून मोकळे होतात.

कंत्राटी मुलांचं वेगळं असतं. बिहार-ओडिशातून आलेला मुलगा बोलला तर ठेकेदार त्याला उद्या दुसऱ्या कंपनीत पाठवू शकतो. आधी ठेकेदाराला बजावा, मग मुलाशी हिंदीत बोला. आणि छळाची तक्रार सूचनांच्या वहीत किंवा बोर्डावर येऊ देऊ नका. १० किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे, ती बाब तिथेच जायला हवी.

सुरुवातीला आकडे बिघडलेले दिसतील. लपलेलं रिवर्क (चुकलेले जॉब पुन्हा करणं) बाहेर येतं, तक्रारी वाढतात, मॅनेजर विचारतो हे काय चाललंय. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी दिसतील असं त्यांना वाटलं होतं, पण तिथे जास्त दिसल्या. ते गट जास्त चुकत नव्हते, चुका लपवत नव्हते. हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमच्या लेथचं पुढे असं झालं की मी कागद काढला: रोज प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं वॉर्म-अप. आठवड्याने तोच ऑपरेटर माझ्याकडे आला. “साहेब, एक सांगू का? दुसऱ्या पाळीला कशाला? तेव्हा मशीन गरमच असतं. उगाच पंधरा मिनिटं जातात.”

मी कागद फाडला आणि त्यालाच नवा लिहायला बसवलं.