कासवाच्या घरात झाड लावताना

कासवाच्या घरात लावलेलं झाड ते आज ना उद्या खाणारच, हे गृहीत धरूनच झाड निवडा. शोभेपुरतं असं तिथे काही उरत नाही.

मनी प्लांट, डिफेनबेकिया आणि फिलोडेंड्रॉन घरोघरी असतात, पण त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तोंड, जीभ, घसा त्यांनी भाजल्यासारखा होतो. कण्हेर तर हृदयावरच परिणाम करते, तिला जवळही आणू नका. त्यापेक्षा स्पायडर प्लांट आणि जास्वंद बिनधास्त लावा. जास्वंदीचं फूल तर कासवं आवडीने खातात! कोरड्या हवेतल्या जातींसाठी फड्या निवडुंग छान, मात्र काट्यांसोबत त्याची बारीक कुसंही काढायला हवीत. त्रिधारी निवडुंग दिसायला त्याच्याच कुळातला वाटतो, पण तो युफोर्बिया, म्हणजे वेगळ्याच कुळातला. त्याचा पांढरा चीक दाहक असतो.

झाड योग्य निवडलं तरी नर्सरीतून आणून थेट आत ठेवू नका. माझ्या मते खरी चूक इथेच होते. कुंडीतली माती एकदा बोटांनी चाळून बघा: पांढरे हलके दाणे म्हणजे पर्लाइट, रंगीत गोळ्या म्हणजे खत. कासव दोन्ही गिळतं. मुळं धुवून साध्या मातीत झाड लावा, काही आठवडे वेगळं ठेवा आणि नवी पानं फुटू द्या, कारण फवारलेलं कीटकनाशक वरून धुतलं तरी आत मुरलेलं जात नाही.

मग कुंडी जमिनीत काठापर्यंत पुरून बुंध्याभोवती मोठे चपटे दगड ठेवा, नाहीतर कासव ती उकरून काढेल.