घरावर सोलर बसवताय? अनुदान आणि बचत बुडवणाऱ्या या चुका टाळा

घराच्या गच्चीवर सोलर बसवायला अनुदान देणाऱ्या पीएम सूर्य घर योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून ‘७८ हजार अनुदान’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. आकडा खरा आहे, पण तो पूर्ण हातात पडायला काही गोष्टी जुळून याव्या लागतात. शिवाय अनुदान एकदाच मिळतं. खरा फायदा पुढची वीसेक वर्षं दर महिन्याच्या बिलात दिसायचा असतो, आणि तो वीजदराच्या कुठल्या टप्प्यातली, किती युनिट, कोणत्या महिन्यात वाचतात यावर ठरतो. पैसे बुडतात ते बहुतेक इथेच. खालचा मजकूर महाराष्ट्रातल्या, त्यातही महावितरणच्या घरगुती ग्राहकांना समोर ठेवून लिहिला आहे.

किलोवॅट जास्त तितका फायदा जास्त, हा समज

अनुदानाची रचना आधी नीट बघा. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे शून्य. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० आणि ५ किलोवॅटलाही ७८,०००च. एजन्सीवाला ‘साहेब, पाचचं बसवून टाका’ म्हणतो तेव्हा शेवटचे दोन किलोवॅट पूर्णपणे तुमच्या खिशातून जातात.

दुसरी बाजू बिलाची. महावितरणचा घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, मग ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. सोलरची युनिट तुमच्या वापरातून वजा होतात तेव्हा आधी वरची, म्हणजे महागडी युनिट गळतात. स्वस्त टप्प्यातली सर्वात शेवटी. म्हणून पहिला किलोवॅट सर्वात जास्त कमावतो आणि पुढचा प्रत्येक त्याहून कमी.

एक हिशेब मांडू. किमती आणि दर इथे फक्त उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या बिलातले आकडे घालून बघा. घराचा वापर महिना ३२० युनिट. १ किलोवॅटमधून महाराष्ट्रात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० मिळतात.

२ किलोवॅटचा खर्च १,२५,००० धरला, तर अनुदान वजा जाता ६५,००० उरतात. महिन्याची २४० युनिट गळतात, बहुतेक वरच्या टप्प्यांतली. सरासरी १० रुपये धरले तर वर्षाला २८,८०० वाचले. सव्वादोन वर्षांत पैसे वसूल.

आता तिसरा किलोवॅट. वाढीव खर्च ५५,०००, अनुदान १८,०००, म्हणजे तुमचे ३७,०००. घराची उरलेली गरज महिन्याला ८० युनिट, तीही पहिल्या टप्प्यातली. ६ रुपयांनी वर्षाला ५,७६० वाचतात. वसुलीला सहा वर्षांहून जास्त. तरी तिसरा किलोवॅट घेऊ नका असं नाही. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर तो घ्यावाच. पण ‘तीन वर्षांत फिटतं’ हे वाक्य तिन्ही किलोवॅटना सारखं लागू नाही, एवढं कोटेशनवर सही करताना माहीत असावं.

केंद्राचा स्वतःचा ढोबळ तक्ताही असाच आहे: महिना १५० युनिटपर्यंत १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० ला २ ते ३, त्यापुढे तीनच्या वर. एका महिन्याचं बिल बघून निर्णय घेऊ नका. बिलाच्या मागे किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर मागच्या बारा महिन्यांचा वापर असतो, त्याची बेरीज करून बाराने भागा.

३१ मार्च विसरणं

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुमची जास्तीची वीज वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) देऊन ती वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. हे पुढे जाणं आर्थिक वर्षाच्या शेवटी थांबतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ३१ मार्चला जी युनिट उरतात, त्यांचे पैसे राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. तो दर तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. एप्रिलपासून पाटी कोरी.

इथे गंमत अशी की नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन चांगलं, पंखे-एसी बंद, म्हणून युनिट साचतात. आणि ज्या एप्रिल-मेमध्ये त्यांची गरज असते, त्याच्या तोंडावर हिशेब बंद होतो. मोठी सिस्टीम घेऊन हिवाळ्यात साठवू आणि उन्हाळ्यात वापरू, हा बेत त्यामुळे फसतो. उलट पावसाळ्यातली तूट मागच्या एप्रिल-मेच्या शिल्लकीतून भरता येते. त्या दोन महिन्यांत एसीने सगळी शिल्लक खाल्ली नसेल तर, अर्थात.

‘बिल शून्य येईल’

येणार नाही. स्थिर आकार कायम राहतो, विजेचा वापर निव्वळ शून्य झाला तरी. वीज शुल्कासारख्या काही ओळीही बिलावर दिसू शकतात. कोटेशनमध्ये बचतीचा तक्ता असेल तर त्यात संपूर्ण बिल वाचलं असं धरलंय की फक्त युनिटचे पैसे, ते तपासा.

आयकरात सूट मिळते?

घरगुती सोलरसाठी पगारदाराला आयकरात वेगळी वजावट नाही. ४० टक्के घसारा म्हणून जे सांगितलं जातं ते व्यवसायाच्या मालमत्तेसाठी आहे. राहत्या घराच्या गच्चीवरच्या पॅनलला ते लागू होत नाही. जीएसटीचं मात्र खरं आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला. बसवण्याच्या कामासह घेतलेल्या सिस्टीमच्या ७० टक्के किमतीवर ५ आणि ३० टक्क्यांवर १८ धरला जातो, म्हणजे एकूण ८.९ टक्के. आधी तोच १३.८ होता. कोटेशनवर अजून १३.८ टक्के लावलेला दिसला तर तिथेच बोट ठेवा.

कागदावर ३ किलोवॅट, गच्चीवर पावणेतीन

ही चूक इतकी सर्रास आहे की थोडं तपशिलात बघू. अनुदान ठरताना पॅनलची एकूण क्षमता, इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता आणि वीज कंपनीने मंजूर केलेली क्षमता यांतला सर्वात लहान आकडा धरतात. आता ५४० वॉटची पाच पॅनल घ्या: ५ × ५४० = २,७०० वॉट, म्हणजे २.७ किलोवॅट. ‘तीनची सिस्टीम’ म्हणून विकली गेली तरी अनुदान ६०,००० अधिक १८,००० च्या ०.७ पट, म्हणजे १२,६००. एकूण ७२,६००. वीजही दहा टक्के कमी. सहा पॅनल घेतली तर ३.२४ किलोवॅट होतात. मात्र मग इन्व्हर्टर ३ चाच हवा, २.५ चा बसवला तर पुन्हा अनुदान खाली येतं.

म्हणून करारात ‘३ किलोवॅट सिस्टीम’ एवढंच लिहून घेऊ नका. पॅनलची संख्या, प्रत्येकाचे वॉट, मेक, मॉडेल आणि इन्व्हर्टरचं मॉडेल व किलोवॅट लिहून घ्या. माल आला की पॅनल वर चढण्यापूर्वी मागच्या स्टिकरचे फोटो काढा. स्ट्रक्चरवर बसल्यावर ते स्टिकर दिसत नाहीत.

डीसीआर नसलेलं पॅनल

अनुदानासाठी पॅनल डीसीआर हवं, म्हणजे आतला सेलही भारतात बनलेला. फक्त जोडणी इथे झालेली पॅनल स्वस्त पडतात आणि दिसायला अगदी तशीच असतात. ‘मेड इन इंडिया’ असा शिक्का पाहून समाधान मानू नका. बिलावर डीसीआर असा स्पष्ट उल्लेख आणि उत्पादकाचं सीरियल नंबरनिहाय प्रमाणपत्र मागा. योजनेच्या पोर्टलवर सीरियल नंबर भरावे लागतात. तिथे गफलत निघाली की अनुदान अडकतं, आणि तोवर एजन्सीचे सगळे पैसे दिलेले असतात. अनुदान घ्यायचंच नसेल तर मात्र नॉन-डीसीआरचा हिशेब वेगळा आहे. मोठ्या सिस्टीमला कधी कधी तो परवडतो.

आजोबांच्या नावाचं मीटर

अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याच्या नावाने होतो. बँक खातंही त्याच नावाचं लागतं. महाराष्ट्रात असंख्य घरांची बिलं अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या, नाहीतर आधीच्या घरमालकाच्या नावे येतात. आधी महावितरणकडे नावबदल करा, मग सोलरचा अर्ज. थकबाकी असेल तर तीही आधी भरा. ‘करू नंतर’ म्हणून काम सुरू केलेल्यांना नेमकं शेवटच्या टप्प्यावर थांबावं लागतं. आधार, बिल आणि पासबुक समोरासमोर ठेवून स्पेलिंगही जुळवा.

मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट, कमी आहे म्हणून वेगळा अर्ज करायची गरज १० किलोवॅटपर्यंत नाही. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर तेवढ्या क्षमतेला तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळते आणि भारवाढ वीज कंपनीनेच करायची असते. ‘लोड वाढवायचे’ म्हणून एजन्सी वेगळे पैसे मागत असेल तर कशाचे, ते पावतीसह विचारा.

अनुदान वजा करून सांगितलेली किंमत

अनुदान तुमच्या खात्यात येतं, तेही काम पूर्ण झाल्यावर. तोवर रक्कम तुम्हाला उभी करावी लागते. कोटेशनवर मोठ्या अक्षरात निव्वळ किंमत आणि तळाशी बारीक अक्षरात ‘अनुदान ग्राहकाने मिळवायचे’ असं असतं. पैसे टप्प्यांत द्या: थोडा आगाऊ, मोठा हप्ता माल पोचल्यावर, आणि किमान दहा टक्के नेट मीटर लागून सिस्टीम सुरू झाल्यावर. शेवटचा हप्ता हातात असला की कागदपत्रांसाठी फोन उचलले जातात.

कर्ज घ्यायचं असेल तर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत विनातारण, कमी व्याजाचं कर्ज मिळतं. योजना मंजूर झाली तेव्हा तो दर सात टक्क्यांच्या आसपास होता आणि रेपो दराप्रमाणे बदलतो. एजन्सीने जोडून दिलेलं वैयक्तिक कर्ज किंवा ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेण्याआधी आपल्या बँकेत हे विचारा. अनुदान आलं की ते मुद्दलात भरा. खर्चून टाकलं तर व्याज वर्षानुवर्षं चालू राहतं.

कमी वापराच्या घरांनी राज्याकडेही बघावं. महिना १०० युनिटच्या आत वापर असलेल्यांसाठी २०२५ मध्ये महाराष्ट्राने स्मार्ट नावाची योजना आणली. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५०० मिळतात.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सोसायटीची, तेव्हा एकट्याने पॅनल ठोकून भागत नाही. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला प्रति किलोवॅट १८,००० अनुदान आहे. सभेत ठराव करून त्या वाटेने जाणं सोपं.

नेट मीटर येण्याआधी सिस्टीम चालू करणं

पॅनल बसली, ऊन आहे, मग वाया कशाला घालवायचं, असं म्हणून बटण दाबलं जातं. बऱ्याच जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरना विजेची दिशा कळत नाही. बाहेर गेलेली वीजही ते वापर म्हणूनच मोजतात, आणि महिनाअखेर बिल कमी होण्याऐवजी फुगतं. नेट मीटर बसून चालू करण्याचा कागद हातात येईपर्यंत इन्व्हर्टर बंद ठेवा. विनापरवाना जोडणी म्हणून कारवाई होऊ शकते, ते वेगळंच.

अडलं तर कुठे बघायचं

*अनुदान आलं नाही.* सिस्टीम सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर चढल्यानंतर बँक तपशील भरून अनुदानाची मागणी तुम्हालाच नोंदवावी लागते. ती पायरी राहून गेली का, हे पहिल्यांदा बघा. त्यानंतर साधारण ३० दिवसांत रक्कम यायला हवी. नोंदवूनही अडलं असेल तर नावातला फरक, बंद पडलेलं खातं किंवा बँक विलीन झाल्यावर बदललेला आयएफएससी तपासा. एजन्सीने पोर्टलवर स्वतःचा मोबाइल नंबर टाकला असेल तर ओटीपीही त्यांच्याकडे जातात. पोर्टलवर खातं उघडतानाच आपला नंबर द्या.

*बिल कमी झालं नाही.* बिलावर आयात (लाइनवरून घेतलेली), निर्यात (लाइनला दिलेली) आणि शिल्लक युनिट वेगवेगळी छापलेली हवीत. निर्यात शून्य दिसत असेल तर मीटरवरचं निर्यातीचं रीडिंग फोटोसह घ्या. मीटर मोजतोय पण बिलात आलं नाही, तर बिलिंगची नोंद बदललेली नाही आणि उपविभागात लेखी तक्रार लागते. मीटरच मोजत नसेल तर जोडणी तपासायला सांगा.

*ऊन भरपूर, पण दुपारी उत्पादन कोसळतं.* इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’चा इशारा शोधा. लाइनचं व्होल्टेज आधीच चढं असेल किंवा इन्व्हर्टर ते मीटर ही केबल बारीक आणि लांब असेल, तर इन्व्हर्टर मर्यादा ओलांडताच स्वतःला तोडतो. दुपारी बारा ते दोनमध्ये मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हीकडे जास्त असेल तर रोहित्राची तक्रार वीज कंपनीकडे, फक्त इन्व्हर्टरपाशी जास्त असेल तर जाड केबल एजन्सीकडून.

*रोज ठराविक वेळी घट.* पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या नारळाची सावली. एका पॅनलवर पडलेली सावली त्या ओळीतल्या बाकीच्यांनाही खाली ओढू शकते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो आणि सावल्या लांबतात, त्यामुळे मे महिन्यात पाहून ठरवलेली जागा हिवाळ्यात फसवते.

*लाइट गेली की सोलरही बंद.* हा बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर बंद होतोच. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीला अनुदान नाही, आणि तिचा खर्च धरला की वरचा परताव्याचा हिशेब बराच लांबतो.

*उत्पादन हळूहळू घटलं.* वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट स्वाभाविक आहे. दोन-तीन महिन्यांत दहा टक्के घट म्हणजे धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा. सकाळी लवकर, पॅनल थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. बोअरच्या जड पाण्याचे डाग काचेवर बसतात आणि नंतर निघत नाहीत. धुवूनही फरक पडला नाही तर एजन्सीला बोलवा. योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल त्यांच्याकडे आहे. त्यासाठी भेटीचे पैसे मागितले तर करारातलं ते कलम दाखवा.