सोलर चार्ज कंट्रोलर घेताना या चुका टाळा

वीजखांब पोचलेला नाही अशा शेतघरात किंवा डोंगरावरच्या वाडीत सोलर बसवताना सगळा विचार प्लेटा आणि बॅटरीचा होतो. कंट्रोलर, म्हणजे प्लेटांकडून बॅटरीत जाणाऱ्या विजेवर ताबा ठेवणारा डबा, सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत, दुकानदार देईल तो घेतला जातो. पण बॅटरी दोन वर्षांत बसणार की सहा वर्षं चालणार, हे बऱ्याच अंशी हाच डबा ठरवतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी प्लेटच्या मागचा स्टिकर आणि बॅटरीवरचं लेबल, दोन्हींचे मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या बहुतेक चुका ते दोन कागद न वाचल्यामुळेच होतात.

फक्त अँपिअर विचारून कंट्रोलर घेणं

‘चाळीस अँपिअरचा द्या’ एवढं म्हणून काम भागत नाही. एमपीपीटी, म्हणजे प्लेटचे जादा व्होल्ट बॅटरीसाठी अँपिअरमध्ये बदलणाऱ्या, कंट्रोलरवर दोन मर्यादा लिहिलेल्या असतात: तो बॅटरीकडे किती अँपिअर देऊ शकतो आणि प्लेटांकडून जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसू शकतो. अँपिअरची मर्यादा ओलांडली तर चांगला एमपीपीटी जादा वीज घेत नाही, एवढंच. व्होल्टची मर्यादा ओलांडली तर तो जळतो, आणि अशा जळण्यावर वॉरंटी बहुधा मिळत नाही.

आता स्टिकर बघा. हल्ली सर्रास मिळणाऱ्या ५४० वॅटच्या मोनो प्लेटवर ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच करंट ओढला जात नसतानाचे व्होल्ट) साधारण ४९.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तीन प्लेटा सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडल्या की १४८.५ व्होल्ट झाले. कंट्रोलर १५० व्होल्टचा आहे, म्हणजे बसतंय, असं वाटतं. पण स्टिकरवरचा आकडा प्लेट २५ अंश सेल्सिअसला असतानाचा असतो. प्लेट जितकी थंड, तितके व्होल्ट वाढतात, दर अंशाला साधारण ०.२८ टक्के. निफाडसारख्या ठिकाणी थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास येतो. तिथे याच तीन प्लेटा जवळपास १५७ व्होल्ट देतील. तेही भर दुपारी नाही, तर सकाळी ऊन नुकतं पडल्यावर, प्लेट गार असताना आणि कंट्रोलरने अजून करंट ओढायला सुरुवात केलेली नसताना. म्हणून ‘पावसाळ्यात बसवला, दिवाळीपर्यंत मस्त चालला आणि जानेवारीत एके सकाळी डिस्प्लेच गेला’ अशी तक्रार ऐकली की आधी प्लेटांची सिरीज मोजायची.

१०० व्होल्टच्या कंट्रोलरवर अशा दोन प्लेटांचं गणितही असंच फसतं. ९९ व्होल्ट कागदावर बसतात, थंडीत १०४ च्या वर जातात. हिशेब सोपा ठेवा: सिरीजमधल्या सगळ्या प्लेटांचे व्होल्ट मिळवा, त्यात दहा टक्के घाला, आणि तो आकडा कंट्रोलरच्या मर्यादेच्या आत आला तरच जोडा. या प्लेटा असतील तर १५० व्होल्टच्या कंट्रोलरवर सिरीजमध्ये दोनच.

बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची, हे उशिरा ठरवणं

प्लेटांचे एकूण वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट, म्हणजे कंट्रोलरचे अँपिअर. १०८० वॅटच्या प्लेटा १२ व्होल्टच्या बॅटरीवर टाकल्या तर ९० अँपिअरचा कंट्रोलर लागतो, २४ व्होल्टवर ४५. प्रत्यक्षात ऊन, धूळ आणि उष्णतेमुळे प्लेट पूर्ण वॅट क्वचितच देते, म्हणून २४ व्होल्टवर ४० अँपिअरचा एमपीपीटी पुरतो. ५०० वॅटच्या पुढे जायचं असेल तर मी १२ व्होल्टच्या वाटेला जाऊच नका म्हणेन. कंट्रोलर महाग, वायर जाड, सगळ्या जोडण्या गरम.

पण कंट्रोलर देतो तेवढा करंट बॅटरीला झेपतो का? १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिड, बॅटरीला १५ अँपिअर हा योग्य चार्जिंग करंट, फार तर ३० पर्यंत. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तरी एएच १५० च राहतात. त्यांना दुपारभर ४० अँपिअर ढोसले तर पाणी भराभर उडतं आणि बॅटरीच्या आतल्या प्लेटा सडतात. चार्जिंग करंटला लगाम घालण्याची सेटिंग आहे का, हे घेतानाच विचारा.

जुन्या पीडब्ल्यूएमवर मोठी प्लेट लावणं

पीडब्ल्यूएम हा साधा, जुन्या पद्धतीचा कंट्रोलर प्लेटला थेट बॅटरीला जोडतो. प्लेटचे व्होल्ट मग बॅटरीच्या पातळीवर खाली येतात आणि अँपिअर तेवढेच राहतात. ५४० वॅटची प्लेट ४१ व्होल्टवर १३ अँपिअर देते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर पीडब्ल्यूएममधून जोडली तर १३ अँपिअर गुणिले साडेतेरा व्होल्ट, म्हणजे जेमतेम १७५ वॅट. दोन तृतीयांश प्लेट छपरावर नुसती शोभेला. ‘नवीन मोठी प्लेट लावली तरी बॅटरी भरत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. शिवाय पीडब्ल्यूएममध्ये अँपिअर कापण्याची सोय सहसा नसते, म्हणून त्याचं रेटिंग प्लेटांच्या शॉर्ट सर्किट करंटच्या (स्टिकरवर लिहिलेल्या जास्तीत जास्त अँपिअरच्या) सव्वापट हवं.

याचा अर्थ पीडब्ल्यूएम वाईट असा मुळीच नाही. १०० वॅटची, ३६ सेलची प्लेट, एक १२ व्होल्टची बॅटरी, दोन-तीन दिवे आणि डीसी पंखा एवढंच असेल तर पीडब्ल्यूएम घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या बॅटरीत घाला. ‘एमपीपीटीने तीस टक्के जास्त मिळतं’ हे अशा ठिकाणी खरं ठरत नाही. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात प्लेट ६५-७० अंशांपर्यंत तापते, तेव्हा १८ व्होल्टच्या प्लेटचे १५ च्या आसपास उरतात. बॅटरीला १४ लागतात. मग एमपीपीटीने वाचवायचं काय?

नावाला एमपीपीटी

ऑनलाइन हजाराच्या आत मिळणाऱ्या कंट्रोलरवर मोठ्या अक्षरात एमपीपीटी छापलेलं असतं आणि आत साधा पीडब्ल्यूएम असतो. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची जाड कॉइल आणि मोठं हीटसिंक लागतं, त्यामुळे तो हाताला जड लागतो. तरी वजनावर विसंबू नका, मोजा. बॅटरी थोडी उतरलेली असताना दुपारी बाराच्या सुमारास क्लॅम्प मीटर आधी प्लेटच्या वायरला लावा, मग बॅटरीच्या वायरला. ५४० वॅटच्या एका प्लेटवर, २४ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेल्या खऱ्या एमपीपीटीत प्लेटकडून १२ अँपिअर येत असतील तर बॅटरीकडे १७ च्या आसपास जाताना दिसतील. दोन्हीकडे सारखेच दिसले तर तो एमपीपीटी नाही, परत करा. मीटर मात्र डीसी अँपिअर मोजणारा हवा. बऱ्याच वायरमनकडचा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो आणि इथे शून्यच दाखवतो.

बॅटरीचा प्रकार न निवडता चालू करणं

१२ व्होल्टच्या ट्युब्युलरला बूस्ट चार्ज साधारण १४.४ व्होल्ट आणि मधूनमधून त्याहून जास्त व्होल्टचं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरण्यासाठीचं चार्जिंग) लागतं. लिथियम फॉस्फेट बॅटरीला इक्वलायझेशन नको, तापमानानुसार व्होल्ट बदलणंही नको. ट्युब्युलरच्या सेटिंगवर लिथियम जोडली की व्होल्ट चढताच बॅटरीतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, तिला तोडतं. भर उन्हात प्लेट चालू आणि बॅटरी गायब, असा प्रसंग कंट्रोलरला चांगला नाही. म्हणून लिथियमचा पर्याय नसलेला कंट्रोलर, पुढे लिथियम घेण्याचा विचार असेल तर, आजही घेऊ नका.

ट्युब्युलरला उलट तापमानाची भरपाई हवीच. बॅटरी ४० अंशांवर असेल तर १४.४ ऐवजी १४ व्होल्टच्या आसपास थांबायला हवं, नाहीतर ती उकळत राहते. सेन्सर कंट्रोलरच्या पोटात असेल आणि कंट्रोलर पत्र्याखाली तापत असेल, तर तो बॅटरीचं नव्हे, पत्र्याचं तापमान मोजतो. बॅटरीला चिकटवायचा वेगळा सेन्सर मिळतो का ते पाहा.

जोडताना

आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट, मग बॅटरी. जोडणी १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे कंट्रोलर बॅटरीवरून ओळखतो. ती नसताना प्लेट जोडली तर चुकीचं ओळखतो किंवा जळतो.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला कधीही लावायचा नाही. ते टर्मिनल १०-२० अँपिअरच्या दिव्यापंख्यांसाठी असतात आणि इन्व्हर्टर मिक्सर सुरू होताना क्षणभर शंभराच्या घरात ओढतो. तो फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा. पण मग कंट्रोलरचं लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी फार उतरली की लोड तोडण्याची सोय) इन्व्हर्टरला लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. बरेच इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टपर्यंत बॅटरी पिळतात. तिथलं कटऑफ बदलता येत असेल तर वर घ्या.

प्लेटेच्या बाजूला घरातला एसी एमसीबी चालत नाही. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, एमसीबी आतून पेटू शकतो. डीसी एमसीबीच घ्या. प्लेटा घरापासून वीस मीटर लांब असतील तर ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये दोन प्लेटा पॅरललला (शेजारी-शेजारी, अँपिअरची बेरीज होईल अशा) जोडल्यास २६ अँपिअरवर पाच व्होल्ट वाटेतच जातात, त्याच दोन प्लेटा सिरीजमध्ये असतील तर अडीच, तेही ८३ पैकी. १५० व्होल्टच्या कंट्रोलरसाठी जरा जास्त पैसे मोजायचे ते यासाठी.

बसवल्यानंतरच्या शंका

दुपारी दोन वाजता डिस्प्लेवर अवघे दोन अँपिअर दिसतात म्हणून कंट्रोलर बदलणारे लोक आहेत. आधी बॅटरीचे व्होल्ट बघा. १२ व्होल्टची बॅटरी साडेतेराच्या वर स्थिर असेल तर ती भरलेली आहे, कंट्रोलरने हात आखडता घेतलाय, इतकंच. एखादा लोड चालू करा, अँपिअर लगेच चढतील. चढले नाहीत तर प्लेटेचे कनेक्टर आणि सावली तपासा. कोकणात माडाच्या झावळीची एक रेघ प्लेटेवर पडली तरी आकडा धाडकन खाली येतो.

कंट्रोलर साडेबारा व्होल्टवर अडकलेला, अँपिअर भरपूर, तरी बॅटरी संध्याकाळी रिकामी, असं असेल तर दोष बहुधा बॅटरीचा. ट्युब्युलर असेल तर प्रत्येक सेलच्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरने मोजा. एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर कंट्रोलर बदलून फरक पडणार नाही.

आणि आषाढात चार-पाच दिवस ऊनच नसेल तर कुठलाही एमपीपीटी वीज आणून देत नाही. अशा वेळी ट्युब्युलर अर्धी उतरली की वापर कमी करा, आणि गावात कुठे लाइट किंवा जनरेटर मिळत असेल तर चार्जर लावून तिला एकदा पूर्ण भरा. आठवडाभर उतरलेल्या अवस्थेत पडलेली बॅटरी श्रावणातल्या उन्हातही पूर्ण सावरत नाही.