जुन्या नाण्यांची पहिली चाळणी

जुन्या नाण्यांचा डबा हाती लागला की त्यात काही दम आहे का, हे कळत नाही. वयावर जाऊ नका. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन तांब्याची नाणी ढिगाने सापडतात, त्यामुळे त्यातली बरीच स्वस्तात मिळतात. भाव येतो तो कमी उरलेल्या आणि कमी झिजलेल्या नाण्याला.

१. नाणं कडेने धरा आणि भिंगातून सालाबरोबर टांकसाळीचं बारीक अक्षरही बघा. खरी गंमत तिथेच असते. अमेरिकेच्या १९०९ च्या लिंकन सेंटवर (लिंकनचा चेहरा असलेलं एक सेंटचं नाणं) मागे 'व्हीडीबी' (नाण्याचा रचनाकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं) आणि पुढे सालाखाली 'एस' (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण) असेल तर संग्राहक हातघाईवर येतात, कारण तशी फक्त ४,८४,००० पाडली गेली. 'व्हीडीबी' असलेली पण 'एस' नसलेली जवळपास २ कोटी ८० लाख आहेत.

२. उजेड तिरका पाडून उंच भाग तपासा: गाल, जबडा, केस. झीज तिथूनच सुरू होते.

३. लोहचुंबक जवळ ठेवा. १९४३ चे सेंट तांबं वाचवण्यासाठी पोलादाचे पाडले होते. चुकून तांब्याचे निघालेले मोजकेच. तांबूस दिसणारं १९४३ चं नाणं चुंबकाला चिकटलं, तर ते मुलामा दिलेलं पोलाद. चिकटलं नाही म्हणून लगेच हुरळूनही जाऊ नका, १९४८ मधला ८ खरवडून ३ केलेला असू शकतो.

आणि काहीही झालं तरी नाणं घासू नका. काळपट थर गेला की अर्धा भाव गेलाच म्हणून समजा. ओरखडे भिंगाखाली लपत नाहीत.