आंबा-जांबाच्या (म्हणजे पेरूच्या) वासाची क्राफ्ट बिअर कशी चाखावी

नागपूरहून येताना कुणीतरी आंब्याच्या किंवा अननसाच्या चवीच्या क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या कारखान्यात थोडीथोडी बनवलेल्या बिअरच्या, दोन बाटल्या आणतं. त्या बर्फगार करून घटाघटा प्यायल्या जातात आणि मग तक्रार येते, ‘यात आंबा कुठे आहे?’ आंबा असतो, पण तो जिभेआधी नाकाला सापडतो. आणि असं नाक आपल्याकडे आहे, कारण आपण आमराईत आणि संत्र्याच्या बागेत वाढलो.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. आमच्या वरूडकडून (जि. अमरावती) वर्धा नदी ओलांडून वर्धा जिल्ह्यात शिरलं की नियम बदलतो, तेव्हा बाटली घेऊन पलीकडच्या पाहुण्यांकडे जाऊ नका. आणि चाखून झाल्यावर गाडीला किक मारायची नाही.

बाटली घेताना तारीख बघा. फळाचा आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास उष्णतेनं लवकर उडतो, म्हणून ताजी आणि फ्रीजमध्ये ठेवलेलीच घ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अशा वेळी थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणा, निदान ओल्या टॉवेलात गुंडाळा. लेबलवर फळाचा गर लिहिलाय की नुसता फ्लेवर, तेही वाचा.

थंड किती करायची? साधारण ८ ते १० अंश. त्याहून गार असली की जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं ठेवा, उन्हाळ्यात पाच पुरेत. लाइट गेली असेल तर गंजात (पातेल्यात) बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीस मिनिटं बुडवा. मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं.

ग्लास काचेचा हवा, आणि खरोखर स्वच्छ. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. मी खायचा सोडा लावून घासतो आणि भरपूर पाण्यानं धुतो. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास अजून मळका आहे असं समजा.

तासभर आधी सावजी रस्सा, ठेचा आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) बंद. खर्रा खाल्लेल्या तोंडाला दोन बिअरमधला फरक कळत नाही, हे मी कित्येकदा पाहिलंय. सोबत मुरमुरे आणि साधं पाणी ठेवा.

ग्लास तिरपा धरून अर्धा भरा, मग सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. वास त्या फेसातूनच वर येतो.

आता घाई करू नका. मोसमात असेल ते फळ कापून शेजारी ठेवा: उन्हाळ्यात गावरान आंबा, हिवाळ्यात जांब आणि आंबिया बहाराचा संत्रा. आधी फळ हुंगा, मग ग्लास, परत फळ. लांब श्वास घेऊ नका, दोन-तीन छोटे घ्या. संत्र्याची साल नखानं खरवडली की जो तिखटसर फवारा उडतो, तो आठवा आणि ग्लासात शोधा. जांबाचा वास दोन प्रकारचा असतो, पिकून मऊ झालेल्याचा गोडसर आणि कच्च्याचा हिरवा. बिअरमध्ये बहुधा दोन्ही मिसळून येतात. गवतात पिकायला घातलेल्या आंब्यांवरचं पोतं उचललं की जो भपका येतो, तो सापडला तर मला फार आनंद होतो.

हा वास दरवेळी फळातूनच येतो असं नाही. सिट्रा, मोझॅक, गॅलेक्सी या जातींच्या हॉप्सना स्वतःलाच फळांचा वास असतो. आंब्यातलं मायर्सीन नावाचं वासाचं द्रव्य हॉप्समध्येही असतं, आणि जांबाच्या वासाला कारण असलेली काही गंधकयुक्त द्रव्यंही. केळ्याचा वास आला आणि मागून लवंग जाणवली, तर ते बहुतेक गव्हाच्या बिअरच्या यीस्टचं काम. शाळेसमोरच्या गोळीसारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीतला वास आला, तर मला एसेन्सची शंका येते.

मग लहान घोट घ्या. तोंडात फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. फळ इथं दुसऱ्यांदा भेटतं. गोडी शोधू नका. फळातली बरीचशी साखर यीस्ट खातं, त्याचं अल्कोहोल होतं, आणि वास तेवढा मागे राहतो. आमरसाची अपेक्षा ठेवून प्यायलेल्यांची निराशा होते ती इथंच.

बिघाडही ओळखायला शिका. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे जुनी बिअर, लोण्याचा म्हणजे आंबवण्यात राहिलेली कसर. एकदा मी हिरवी बाटली अंगणातल्या बाजेवर उन्हात विसरलो. अर्ध्या तासानं उघडली तर कुबट, गंधकासारखी घाण आली. हॉप्समधले कडू घटक प्रकाशात तुटतात, त्याचा हा वास. तपकिरी बाटली यापासून बरीच वाचवते, पण ऊन तिलाही दाखवू नका.

३३० मिलीची एक बाटली चाखायला तिघांना पुरते. प्रत्येकानं आपल्याला आलेले वास आधी मनातल्या मनात ठरवून कागदावर लिहावेत, मगच बोलावं. नाहीतर पहिला जे म्हणेल तेच सगळ्यांना येऊ लागतं. ग्लासात दोन घोट मुद्दाम मागे ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा हुंगा. थंडपणी लपलेला जांब तेव्हा वर येतो.