'नक्की का?' या दोन शब्दांनी माझा वर्ष-दीड वर्षाचा डेटा नासवला

मुलांच्या मुलाखती घेऊन संशोधन करायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. शाळेची परवानगी, पालकांची संमती, पायलट म्हणजे आधीची छोटी चाचणी-फेरी, हे सगळं तुम्ही निभावून न्याल. मी अडकले ते दुसरीकडेच.

तिसरीतली मुलगी, व्हरांड्यात सतरंजीवर आम्ही दोघी. ४२ वजा १७. ती पुटपुटत होती, "बारातनं सात गेले, पाच. इकडे तीन ऱ्हायले, त्यातला एक गेला, दोन. पंचवीस." मी विचारलं, "नक्की का?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, २५ खोडलं आणि ३५ लिहिलं. मी नोंद केली : हातच्याची वजाबाकी येत नाही.

पुढे रेकॉर्डिंग उतरवताना ते पुटपुटणं ऐकू आलं. तिला येत होतं. मग सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. 'नक्की का?' मी सगळ्यांना विचारलंच नव्हतं. वर्गशिक्षकांनी ज्यांना 'कच्ची' म्हटलं होतं, त्यांनाच विचारलं होतं, आणि तेही उत्तर बरोबर आल्यावर. वर्गात बाई तोच प्रश्न दुसऱ्यांदा कधी विचारतात? उत्तर चुकलं की. मुलांना हे पहिलीतच कळलेलं असतं.

बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या प्रयोगात वस्तूंच्या सारख्या दोन रांगा दाखवून 'दोन्हीत सारख्याच आहेत का?' विचारतात, मग एक रांग पसरवून तेच पुन्हा विचारतात. १९७४ साली सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी पहिला प्रश्न गाळला. एकदाच विचारल्यावर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. हे मी एम.ए.च्या पेपरात लिहिलं होतं. सतरंजीवर बसल्यावर ते आठवलं नाही.

इंग्रजीतली तयार चाचणी भाषांतर करून वापरू नका, कुणी कितीही सुचवलं तरी. 'एकोणसाठ' ऐकून मूल ६९ लिहितं, तेव्हा त्याच्या कानात 'साठ' पडलेलं असतं. इंग्रजीत पन्नास आधी ऐकू येतात, तिथे ही अडचणच नाही. ती चूक गणिताची की भाषेची, हे भाषांतरित चाचणी सांगणार नाही. आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून मुलाखती करवून घेणं तर नकोच. ज्या मार्गदर्शकांनी स्वतः कधी मुलासमोर मांडी घातलेली नाही, त्यांचा सल्ला सांख्यिकीपुरता घ्या.

नमुना लहान आहे म्हणून मात्र घाबरू नका. पियाजेने बाळांच्या बुद्धीवरचं मूळ काम स्वतःच्या तीन मुलांकडे बघून केलं. मुलांना वाचन-गणित किती येतं हे पाहणारं 'असर'चं २००५ पासूनचं सर्वेक्षण लाखो मुलांचं, पण तिथेही एकेका मुलाजवळ बसून, तोंडी, सावकाशच विचारतात. मुलं बोलतात. तुम्ही घाई केली नाही तर खूप बोलतात.

आता मी 'नक्की का' विचारत नाही. "कसं काढलंस ते मला सांग" म्हणते. पण तेही फक्त चुकीच्या उत्तरानंतर म्हटलंत, तर चार प्रश्नांत मुलाला खूण कळते. म्हणून पहिल्या, अगदी सोप्या ३ अधिक २ पासूनच, प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असो वा चूक, त्याच आवाजात विचारा. आणि पहिल्या पाच मुलांची रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी ऐका, मुलांचा नाही, स्वतःचा आवाज.