३१८ काढून ३६० बसवताना

माझी डॉज डार्ट १९७३ची. मिशिगनमध्ये असते. मुळात ३१८ इंजिन (आकडा घन इंचांचा), मागे टॉर्कफ्लाइट ९०४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अशा गाडीत ३६० टाकायचं म्हटलं की जो तो आधी कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटर सुचवतो. ते नंतर बघू. काम बिघडतं ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या वीतभर जागेत.

इंजिन ३६०च आहे, या विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. ब्लॉकच्या डाव्या अंगाला आकडा ओतलेलाच असतो. चिकटा खरवडला की दिसतो.

दोन्ही इंजिनं क्रायस्लरच्या एलए या एकाच घराण्यातली, त्यामुळे जुना ९०४ ३६०ला बिनतक्रार लागतो. माणूस फसतो तो यामुळेच. ३१८च्या फिरत्या भागांचा तोल आतल्या आत साधलेला असतो. ३६०चं तसं नाही. त्याचं तोल साधणारं काही वजन पुढे डॅम्परवर (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरची जड चकती) आणि मागे टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) असतं. ३१८चा कन्व्हर्टर तसाच लावलात तर इंजिन सुरू होईल, पण थरथरेल आणि हळूहळू बेअरिंगं खाईल. तेव्हा डॅम्पर ३६०चाच घ्या. मागे एकतर ३६०चा कन्व्हर्टर, नाहीतर वजनवाली फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती) आणि बिनवजनाचा कन्व्हर्टर. वजन दोन्हींवर नको. माउंटचे ब्रॅकेटही ३६०चेच मागवा.

(कुर्ल्याला प्रीमियरमध्ये जुळणी झालेल्या जुन्या सहा सिलिंडरवाल्या डॉज-प्लिमथ ज्यांच्याकडे आहेत, त्यांना यातलं काही लागू नाही. ते इंजिनच निराळं.)

कन्व्हर्टरमध्ये थोडं गिअरबॉक्सचं तेल ओता, मग तो फिरवत फिरवत आत ढकला. तीनदा खट् करून आत सरकला पाहिजे. दोनदाच सरकला तर अजून गिअरबॉक्सच्या तेलपंपात बसलेला नाही. गिअरबॉक्सचं तोंड हाताने ब्लॉकला टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पंप फुटतो. फ्लेक्सप्लेटच्या भोकांपैकी एक जरा सरकवलेलं असतं, कन्व्हर्टर एकाच स्थितीत जुळतो. दोन्हींवर आधीच रंगाची खूण करून ठेवा.

आता किकडाउनची, म्हणजे पाय दाबला की खालचा गिअर पाडणारी, सळई; ती कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सच्या लिव्हरपर्यंत जाते. हिला फक्त किकडाउनची समजून लोक सोडून देतात, विशेषतः बाहेरचा कार्ब्युरेटर बसवला आणि सळई जुळेना की. तसं करू नका. तुम्ही अॅक्सिलरेटर जितका दाबाल तितका गिअरबॉक्सच्या आतला तेलाचा दाब ही सळई वाढवते. ती नसेल तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतात आणि जळतात, त्याला फार दिवस लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून, चोक पूर्ण उघडून एकाला अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि स्वतः गाडीखाली बघा: गिअरबॉक्सवरची लिव्हर मागच्या टोकापर्यंत गेली पाहिजे. पाय काढल्यावर ती पूर्ण पुढे आली पाहिजे. रस्त्यावर गिअर फार लवकर आणि मऊ पडत असतील तर दाब कमी आहे, उशिरा आणि धक्क्याने पडत असतील तर जास्त. सळईची जुळणी थोडी थोडी बदलून बघा.

गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये बघा. पार्कमध्ये जुन्या टॉर्कफ्लाइटच्या कन्व्हर्टरला तेल पोचत नाही, त्यामुळे तेल मोजायची काठी खोटं सांगते.